रद्द झालेली दुसरी चावी

४ जुलै, मंगळवार

ही डायरी जानेवारीत कुलपांच्या एजंटने दिली. सहा महिने तिच्यात बायकोने, सुभद्रेने, दुधाचे खाडे मांडले. आजपासून ती माझी, कारण आज मशीन आलं.

एकोणनव्वद साली परंड्याहून आलो, तेव्हा निगडीच्या बसस्टॉपजवळ झाडाखाली पोतं टाकून बसलो होतो. एक कानस, एक हातोडी, तारेत ओवलेल्या ब्लँक चाव्या. लोक म्हणायचे, उद्धव कुलपाला कान लावून चावी घासतो. खरंच आहे ते. आतली पिन कुठे अडते ते मला ऐकू येतं. आता दुकानात काउंटरकडे पाठ करून उभा असलो तरी गिऱ्हाईक घराची चावी ठेवतंय की तिजोरीची, आवाजावरून सांगतो.

आता गाड्यांच्या चाव्या घासून भागत नाही. प्रत्येक गाडीच्या पोटात एक यादी असते, रेशनकार्डासारखी. यादीत नाव असलेल्या चावीनेच इंजिन सुरू होतं. नाव कापलं की तीच चावी दार उघडेल, माणूस आत बसेल, दिवेही लागतील, पण इंजिन ढिम्म हलणार नाही. समोर एक लाल चिन्ह लुकलुकत राहतं, बस्स. नाव घालायचं आणि कापायचं काम हे मशीन करतं. स्टेअरिंगखाली वायर खोचायची की यादी आपल्या हातात.

सुभद्रेने मशीनला हळदकुंकू वाहिलं. एक बोट स्क्रीनवर उमटलं. मी पुसलं. म्हणाली, “राहू द्यायचं की हो. लेकीसारखंच आलंय घरात.”

पाटी रंगवायला टाकली. नियम मात्र जुनाच. आरसी बुक ज्याच्या नावावर, चावी त्याची. सख्खा भाऊ आला तरी नाही. चौतीस वर्षांत एकाही पोलिसाला माझी नोंदींची वही बघून मान हलवावी लागलेली नाही.

८ जुलै, शनिवार

स्वरूपाचा फोन. मशीनचं तिला आईने सांगितलेलं दिसतं. बरं वाटलं. लहानपणी दुकानात बसून ब्लँक चाव्या आकाराने लावायची. लग्न होऊन रहाटणीला गेली तरी आवड गेली नाही म्हणायची.

“बाबा, त्या मशीनवर हरवलेली चावी बंद करता येते?”

“येते की. समोर नसलेली प्रत्येक चावी बाद.”

“मग कुणीही येऊन करून घेईल.”

“असं कसं? आरसी बुक बघतो मी आधी.”

“आरसी बुक,” ती म्हणाली आणि गप्प झाली. मला वाटलं लाइन गेली. पण नळ ऐकू येत होता. हिचा फोन आला की नळ सुरूच असतो. म्हटलं, “अगं, तुमच्याकडे टँकर येतो ना? पाणी किती वाया घालवतेस!”

“भांडी घासतेय बाबा.”

भांडी नव्हती. आवाज घुमत होता, म्हणजे न्हाणीघर. आणि भांडं घासल्याचा आवाज मला ओळखू येत नाही होय? पण असो. पोरी आईबापांशी बारीकसारीक खोटं बोलतातच.

तिला विचारलं, पुन्हा नोकरी धरतेस का. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये होती, स्वतः गाडी चालवत जायची. नातीच्या, इंदूच्या शाळेमुळे सोडली असं जावई, जयदीप, म्हणाले होते. ती म्हणाली, “बघू.” मग एकदम, “ठेवते,” आणि नळ बंद व्हायच्या आधी फोन बंद झाला.

१८ जुलै, मंगळवार

आजपासून धोंड्याचा महिना. येत्या नाही, पुढच्या गुरुवारी जावयाला जेवायला बोलवायचं ठरलं. गुरुवारी त्यांच्या कंपनीला सुट्टी. सुभद्रेने अनारशांचं पीठ केलंय. तेहेतीस अनारसे, चांदीचं निरांजन, जयदीपना कपडे.

मी म्हटलं, “स्वरूपालाही एखादी साडी घे.”

ती म्हणाली, “साडीचं राहू द्या. तिला चार दिवस ठेवून घ्या.”

“दिवाळीत ठेवली होती की. बारा दिवस. शेवटी मीच पोचवून आलो.”

“हो. तुम्हीच पोचवून आलात.” आणि पीठ मळायला लागली. हिच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग मला नेहमी ऐकू येतो, उरलेला ही पिठात मळते.

दिवाळीचं लिहून ठेवतो, कारण त्यात मला समाधान आहे. पोरगी रुसून आली होती. संसारात व्हायचंच. मी जावयाशी बोललो, शालनबाईंशी, म्हणजे तिच्या सासूशी बोललो, सगळं गोडीत मिटवलं. इंदूला कडेवर घेऊन लिफ्टपर्यंत गेलो. माझ्यासारखा मिटवणारा माणूस नात्यात दुसरा नाही.

२० जुलै, गुरुवार

जयदीप स्वतः दुकानात आले, गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली होती. जावई काम घेऊन आला म्हणजे बाजूच्या झेरॉक्सवाल्यासमोर आपली कॉलर ताठ.

प्लास्टिकच्या पिशवीत चावीचे तुकडे. कव्हर फुटलेलं, आतली पट्टी वाकलेली, चिप गायब. मी तुकडे जुळवले. चावी हातातून पडली की कोपरा उडतो. ही पोटातून फुटली होती, दोन उभे भाग. मी थट्टेने म्हटलं, “काय पाहुणे, भिंतीवर मारली की काय?”

ते हसले. “मामा, तुमच्यापासून काही लपत नाही. ट्रॉलीखाली आली हो कंपनीत.”

“आणि दुसरी?”

“ती तुमच्या लेकीने हरवली. महिना झाला. विचारलं की म्हणते आठवत नाही. कुणाच्या हातात पडली असेल काय माहीत. ती बंदच करून टाका.”

आरसी बुक त्यांनी न मागता पुढे केलं. नाव त्यांचंच. गाडी मी घेतलेली, इंदूच्या बारशाला. शोरूमचा पोरगा फॉर्म भरताना विचारत होता, नाव मॅडमचं की सरांचं? मी म्हटलं होतं, अरे, जावयाला गाडी द्यायची आणि नाव बायकोचं घालायचं, चारचौघांत बरं दिसेल का?

वायर खोचली. स्क्रीनवर आलं, चाव्या दोन. सगळी यादी पुसली. नवी चावी शिकवली. चाव्या एक. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. तो आवाज ऐकून मला नातू झाल्याइतका आनंद झाला.

“स्वरूपालाही एक करून देऊ?”

“राहू द्या मामा. तिला कुठे लागते? परत हरवेल.” मग गाडीत बसता बसता म्हणाले, “आणि दुसरी बंद केली ते तिला सांगू नका. आधीच वाईट वाटतंय तिला हरवल्याचं.”

किती समजूतदार माणूस. घरी येऊन कौतुकाने सांगितलं. सुभद्रा पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. “तिला फोन करून विचारलंत?”

“जावई समोर उभा असताना, त्याच्या शब्दावर मुलीला विचारू? शोभतं का ते?”

तव्यावरची पोळी करपली.

२७ जुलै, गुरुवार

जेवण छान झालं. धोंडे खमंग झाले होते. जयदीप सहा खाऊन उठले. वाण दिलं, नमस्कार झाले.

स्वरूपा वाळली आहे. वाढताना बांगड्यांचा आवाज कमी वाटला. एका हातात दोनच होत्या.

बडीशेप देताना तिने सहज विचारलं, अगदी सहज, पाहुण्यांना विचारतात तसं, “बाबा, ह्यांची फुटलेली चावी तुम्ही करून दिलीत ना?”

“हो.”

“फक्त तीच ना?”

जयदीप मोबाइल बघत होते, पण अंगठा थांबला होता. मला त्यांचं बोलणं आठवलं. पोरीला कशाला ओशाळवायचं? मी हसून म्हटलं, “फक्त तीच गं. दुसरं काय करणार?”

तिने श्वास सोडला. तो मला ऐकू आला. मग खूप दिवसांनी हसली, माझ्या हातावर जरा जास्तच बडीशेप घातली, आणि इंदूला म्हणाली, “आजोबांना पापी दे.”

जाताना तिने आईला मिठी मारली. दोघी दारात उगाचच रडल्या. मी म्हटलं, “अगं, रहाटणी आहे, अमेरिका नाही.”

२ ऑगस्ट, बुधवार

सकाळी तीन कामं झाली. चिखलीच्या एका डॉक्टरची चावी कुत्र्याने चावली होती. हसून हसून पुरेवाट झाली.

अकराला जयदीपचा फोन. आवाज गोड. “मामा, अभिनंदन. तुमच्या लेकीची हरवलेली चावी सापडली.”

“अरे वा. कुठे?”

“गाडीतच. लावलेली. मी कंपनीच्या बसने आलो, गाडी घरीच होती. तुमचं काम एकदम चोख, मामा. दार उघडलं, दिवे लागले, पण इंजिन जागचं हललं नाही. मागच्या सीटवर दोन बॅगा, इंदू, आणि तुमची लेक स्टेअरिंगला धरून बसलेली. आई पोथीहून परत आली तेव्हा पार्किंगमध्ये सापडली.” मग आवाज बदलला. “दुपारी घरी जातोय मी कंपनीतून हाफ डे टाकून. तुम्ही यायची गरज नाही.”

यायची गरज नाही म्हणाले, म्हणून मी गेलो नाही.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. खोडणार नाही. राहू दे.

३ ऑगस्ट, गुरुवार

गेलो. दार शालनबाईंनी उघडलं. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, “न्हाणीघरात पाय घसरला तिचा. मनगट दुखावलंय. नळ सारखा सोडून ठेवते, फरशी ओली. किती सांगायचं?”

जयदीप सोफ्यावर. “बसा मामा. चहा घ्या.” चहा स्वरूपाने डाव्या हाताने आणला. उजव्याला पट्टी. कप बशीत खडखडत होता. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही.

मी मिटवायचं बोललो. मला दुसरं येत नाही. जयदीप सगळ्याला हो म्हणाले. निघताना लिफ्टपर्यंत ती आली. इंदूला दारात धरून शालनबाई उभ्या होत्या, म्हणून हळू बोलली.

“फक्त तीच ना, असं विचारलं होतं मी.”

“तुला वाईट वाटू नये म्हणून गं.”

“वीस मिनिटं, बाबा. चावी फिरवत होते. इंदू मागून विचारत होती, आई, गाडी आजारी आहे का? मी डाळीच्या डब्यात जपली होती ती चावी. गेटसमोर ह्यांच्या भावाचं दुकान आहे, बॅगा घेऊन रिक्षाला उभं राहता येत नाही मला. गाडी पार्किंगमधून तशीच निघाली असती, बॅगा कुणाला दिसल्या नसत्या. नाशिकला नोकरी मिळाली होती, खोली बघून झाली होती.”

“मला का नाही सांगितलंस?”

“दिवाळीत सांगितलं होतं की.”

“चल, आत्ता चल माझ्याबरोबर.”

“कुठे? निगडीला? बाराव्या दिवशी परत इथेच आणून सोडाल. इथेच उभे होतात तुम्ही, ह्याच लिफ्टपाशी. इंदू तुमच्या कडेवर होती.”

लिफ्ट आली. “जा बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही असेपर्यंत ते चांगलं बोलतात. गेल्यावर त्याची भरपाई होते.”

मी गेलो. पोरीने जा म्हटलं आणि मी गेलो.

५ ऑगस्ट, शनिवार

दुकान बंद ठेवलं. शटर आतून ओढलं.

फुटलेल्या चावीचे तुकडे भंगाराच्या डब्यातून काढले. तसल्याच एका नव्या कव्हरला काउंटरच्या उंचीवरून खाली पाडलं. कोपरा उडाला. पुन्हा पाडलं. वीस वेळा. खिशाच्या उंचीवरून, डोक्याच्या उंचीवरून. दर वेळी कोपरा. ट्रॉलीचं चाक म्हणून त्यावरून लोखंडी वजन फिरवलं. चपटं झालं, उभं फाटलं नाही.

मग भिंतीवर मारलं. जोर लावून, कुणावर तरी नेम धरून मारावं तसं.

पोटातून फुटलं. दोन उभे भाग.

मला हे पहिल्या दिवशीच माहीत होतं. मी तसं बोललोही होतो. थट्टेत.

१० ऑगस्ट, गुरुवार

जयदीपना फोन करून सांगितलं, नव्या चावीचं सेटिंग एकदा तपासावं लागेल, नाहीतर रस्त्यात बंद पडेल. आले. त्यांना आत पंख्याखाली बसवलं, चहा मागवला, झेरॉक्सवाल्याला गप्पांना लावून दिलं. मी गाडीत शिरलो.

वायर खोचली. त्यांची चावी शिकवली, आणि खिशातली दुसरीही. चाव्या दोन.

आरसी बुक मागितलं नाही, वहीत नोंद केली नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्याच्या गाडीची चोरचावी केली मी. जी गाडी मी घेतली, जिच्यावर जावयाचं नाव मी घातलं, तिची.

“झालं का मामा?”

“झालं. आता कुठे अडणार नाही.”

सुभद्रेला चावी दिली. ती रहाटणीला अनारसे द्यायचं निमित्त करून जाणार आहे. चावी अनारशांच्या डब्यात तळाशी घातली, वर कागद.

११ ऑगस्ट, शुक्रवार

डबा परत आला. चावी तळाशी तशीच.

“दिलीस ना तिला?”

“दिली. हातात घेतली, बघितली, परत ठेवली.”

“काही बोलली?”

सुभद्रा पदराने डबा पुसत राहिली. मी पुन्हा विचारलं. म्हणाली, “बोलली, की बाबांना सांग, ही चालत असेल. पण मी परत गाडीत बसून चावी फिरवून बघणार नाही. इंदूला घेऊन तर नाहीच.”

“अगं, मी स्वतः तपासलीय!”

“आधीची बंदही तुम्ही स्वतःच केली होतीत.”

१४ ऑगस्ट, सोमवार

साडेचारला गाडी दुकानासमोर येऊन कचकन थांबली. जयदीप उतरले. आज मामा नाही, काही नाही.

“कुठे आहे ती?”

“कोण?”

“नाटक करू नका. सकाळी इंदूला शाळेत सोडायला गेली, तिथून दोघी गायब. बॅग नाही, गाडी नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी. शाळेला सुट्टीचा अर्ज गेल्या आठवड्यातच दिलाय. तुमच्या घरी बघून आलो, तुमची बायको म्हणते माहीत नाही. कुठे लपवलीय सांगा.”

झेरॉक्सवाला बाहेर येऊन उभा राहिला. पलीकडचा पंक्चरवालाही. मी म्हटलं, “मला माहीत नाही.”

“शपथ घ्या इंदूची.”

घेतली. सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून घेतली, कारण मला खरंच माहीत नव्हतं. नाशिक नक्कीच नाही. नाशिकचं माझ्यासमोर बोलून झालं होतं, म्हणजे ते रद्द झालं असणार. माझा चेहरा बघून जयदीपनाही ते पटलं. थुंकले आणि गेले.

ते गेल्यावर स्टुलावर बसलो. मला का सांगितलं नसेल, ह्याचा विचार करायला फार वेळ लागला नाही. मला सांगितलं असतं तर मी मिटवायला गेलो असतो. नाहीतर ह्या माणसाने दोन गोड शब्द बोलून काढून घेतलं असतं. माझ्या पोरीने यादी पुसली, आणि समोर नसलेली चावी बाद केली. पद्धत मीच सांगितली होती तिला, फोनवर, फुशारकी मारत.

१९ ऑगस्ट, शनिवार

सुभद्रेला विचारलं, “सुखरूप आहेत?”

“मला काय माहीत?”

“बरं.”

थोड्या वेळाने, मटार सोलता सोलता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “जेवतात पोटभर. कामाला लागलीय.” बस्स. मी आणखी विचारलं नाही.

२८ ऑगस्ट, सोमवार

जयदीपच्या वकिलाची नोटीस आली. बायको पळवल्याची. त्यात माझंही नाव आहे. प्राधिकरण वसाहतीतला एक वकील गाठला. तो म्हणाला, “काका, तुम्ही खरोखर अनभिज्ञ आहात हे तुमच्या पथ्यावर पडेल.” म्हटलं, ते पोरीने आधीच ताडलं होतं.

संध्याकाळी जेवायला बसलो होतो. सुभद्रेचा मोबाइल वाजला. नंबर बघून ती उठली, स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं. आणि नळ सुरू झाला.

माझे कान अजून चांगले आहेत. पाण्याच्या आवाजाखालून एक बारीक हसणं आलं, दात पडलेल्या पोराचं असतं तसं, फुसफुसतं. इंदूचा पुढचा दात पडला असणार. आणखी थोडं लक्ष दिलं असतं तर शब्दही कळले असते. गावाचं नाव कळलं असतं.

मी ताट तसंच ठेवलं. चपला घातल्या. स्वयंपाकघराच्या दारावर बोटाने टकटक केली. आतलं बोलणं थांबलं.

“नळ बंद कर,” मी म्हटलं. “मी खाली जाऊन बसतो.”